चिंध्यांतून वेणीची आगवळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. चिटणीसबाईंनी तीनदा निरोप पाठवला तेव्हा मी हो म्हटले, आणि तेही विषय शिवणाचा आहे म्हणून. शिवणाबद्दल बोलायला लागले की मी थांबत नाही, असे आमच्या घरचे म्हणतात. ते काही कौतुकाने म्हणत नाहीत.

केस बांधायच्या वस्तू घरी कशा शिवाव्यात, हे मला सांगायचे आहे. कोणी म्हणेल, पाच-दहा रुपयांच्या रबरासाठी भाषण कशाला? पण ज्या घरात दोन मुली शाळेत जातात आणि तिसरी कॉलेजात, त्या घरच्या बाईला विचारा. आठवड्याला रबर तुटते, रिबीन हरवते, पिन मोडते. हा पैसा हिशेबाच्या वहीत कधी लिहिला जात नाही, म्हणून तो दिसत नाही.

आपल्या आज्या-पणज्यांजवळ रबर नव्हते. त्या आगवळ वापरत. सुती दोऱ्याची वळलेली, शेवटी गोंडा लावलेली. तेलकट झाली की धुवायची आणि पुन्हा वापरायची. माझ्या आजीची आगवळ काळ्या दोऱ्याची होती आणि ती तिला कित्येक वर्षे पुरली. तिच्या म्हातारपणापर्यंत तिच्या कपाळावरचे केस मागे हटले नव्हते. आता पंचविशीतल्या मुलींचे कपाळ मोठे दिसू लागते. केस रोज घट्ट ओढून बांधले, की मुळांवर ताण बसतो आणि कडेचे केस आधी जातात. ओल्या केसांवर रबर लावणे तर फारच वाईट, कारण ओला केस जास्त ताणला जातो आणि तुटतो. साधे उघडे रबर काढताना त्याला गुंडाळलेले चार केस बरोबर येतात, हे तर आपण सर्वजणी रोज पाहतो. त्या रबरावर कापड चढवले की केस गुंतत नाहीत, इतकेच आहे.

दुकानात ज्याला स्क्रंची म्हणतात, ती चुण्यांची कापडी रिंग अमेरिकेत रॉमी रेव्हसन नावाच्या एका गायिकेने तयार केली. 1987 साली तिला त्याचे पेटंट मिळाले. तिचे केस खराब झाले होते आणि केसांना न दुखवणारे काही हवे म्हणून ती विचार करत होती. तिला ही युक्ती सुचली पायजम्याच्या नेफ्यावरून! हे मला मुलीने सांगितले तेव्हा मला हसू आले. नेफ्यात नाडी ओवणे आपल्याकडे कोणत्या घरात होत नाही? पण नेफा डोक्यावर न्यायचे मात्र तिला सुचले, हे मान्य केले पाहिजे.

आपला जिल्हा तर कापसाचा. हिंगणघाटचा कापूस इंग्रजांच्या वेळेपासून नावाजलेला. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि तिथेच 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ज्या भगिनींनी ते पाहिले नसेल त्यांनी सेलूहून एस. टी.ने एक दिवस जरूर जावे. तिथले चरखे पाहण्यासारखे आहेत, आणि झाडापाल्याच्या रंगांत रंगवलेली खादीही पाहावी. इतक्या कापसाच्या गावी राहून आपण मुलींच्या केसांना नायलॉन बांधतो, हे मला बरे वाटत नाही. माझ्याजवळ खादीचे तुकडे येतात ते कुडते शिवणाऱ्या एका शिंप्याकडून. गळा कापला की मधला गोल तुकडा उरतो, बाहीच्या कडेची पट्टी उरते. ते तो फेकून देतो. मी पिशवी ठेवून येते आणि पंधरा दिवसांनी भरलेली घेऊन येते.

आता कृती सांगते. कापड आधी धुऊन घ्यावे. खादी पहिल्या धुण्यात आटते, आणि आटायच्या आधी शिवलेले काम वेडेवाकडे होते. रंगीत तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा. तेल लावलेल्या केसांत रंग सुटला तर मानेवर आणि पोलक्याच्या गळ्यावर डाग पडतो. मिठाच्या पाण्यात ठेवल्याने रंग पक्का होतो असे पुष्कळजणी सांगतात. मला तसा अनुभव आलेला नाही. दोन-तीन वेळा धुऊन सुटणारा रंग काढून टाकावा, नाहीतर तो तुकडा गोधडीला द्यावा.

दाट वेणीसाठी वीस इंच लांब आणि साडेतीन इंच रुंद पट्टी कापावी. तुकडे लहान असतील तर जोडून घ्यावेत, चुण्यांत जोड दिसत नाही. पट्टी उलट बाजूने लांबीत दुमडावी आणि पाव इंच आत टीप घालावी. दोन्ही टोके मोकळी ठेवावीत. एका टोकाला बक्कलपिन लावून ती नळीच्या आतून ओढत आणली की नळी सुलट होते. मग त्याच पिनेने सात इंच लांबीचे, पाव इंच रुंदीचे इलास्टिक ओवावे. इलास्टिकच्या टोकांची गाठ मारू नये. गाठ टोचते आणि सुटतेही. टोके अर्धा इंच एकावर एक ठेवून मागे-पुढे तीन-चार टिपा घालाव्यात. शेवटी कापडाचे एक टोक आत मुडपावे, दुसरे त्यात सारावे आणि हाताने बारीक टाके घालावेत.

हे शेवटचे टाके हातानेच घालावेत, असा माझा आग्रह आहे. तेलाने रबर लवकर सैल पडते. कापड चांगले आणि इलास्टिक गेलेले, अशी वेळ येते. तेव्हा तेवढे टाके उसवून नवे इलास्टिक ओवता येते. बाजारातली रिंग चारी बाजूंनी मशीनने बंद केलेली असते, म्हणून ती फेकावी लागते. लहान मुलीच्या बारीक वेणीला बारा इंच पट्टी आणि पाच इंच इलास्टिक पुरते. खादीची वीण सैल असते, धागे निघतात, तेव्हा टिपेबाहेर थोडे जास्त कापड सोडावे.

कपाळावरच्या पट्टीचे सांगते. डोक्याचा घेर टेपने मोजावा, बायकांचा बहुधा एकवीस-बावीस इंच भरतो. पट्टी त्याहून दोन इंच कमी हवी, आणि त्यातला मानेमागचा चार-पाच इंचांचा भाग इलास्टिकचा ठेवावा. कानामागे दुखू लागले तर पट्टी घट्ट आहे, सवय होईल म्हणून घालत राहू नये. पट्टी उरेब कापली तर डोक्यावर चांगली बसते, पण उरेब कापायला कापड जास्त लागते. चिंध्यांत ते परवडत नाही. जुन्या पातळाचे काठ यासाठी फार चांगले. पातळ मधून विरते, काठ मात्र शाबूत राहतात.

शाळेच्या रिबिनीचे एवढेच, की नायलॉनच्या रिबिनीचे टोक मेणबत्तीवर धरले की वितळून बसते. सुती रिबिनीला तसे करू नये, ती पेट घेते. तिला बारीक दुमड घालून शिवावे. कापड सुती आहे की नाही हे ओळखायलाही हाच उपाय. एक धागा काढून, चिमट्यात धरून, बशीवर जाळावा. कागद जळल्यासारखा वास आला आणि राख झाली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. दुकानदार काहीही सांगो.

आता जे सांगणार आहे ते सांगू की नको असे वाटत होते. माझ्या नणंदेलाच विचारले. ती म्हणाली, “वयनी, सांगा. कोनाच्या कामी येईल.”

दोन वर्षांपूर्वी तिला गाठीचा आजार निघाला. सेवाग्रामच्या दवाखान्यात औषधाचे डोस सुरू झाले. पहिल्या डोसानंतर तिसऱ्या आठवड्यात केस हातात येऊ लागले आणि आठ दिवसांत डोके मोकळे झाले. आजाराने ती रडली नव्हती, केसांनी रडली. आपल्या समाजात जुन्या काळी बाईचे डोके कोणत्या दुःखात उघडे केले जात होते, ते सर्वांना ठाऊक आहे. ते दिवस गेले, पण मनातून गेलेले नाहीत. तिचा नवरा धडधाकट, आणि ही दारात यायला तयार नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावणे आले तर म्हणे, मला बघून बायका काय म्हणतील?

केसांचा टोप आणून दिला. तो तिने दोन दिवस घातला. आत घाम साचायचा, खाज सुटायची. आणि पुढे आपल्याकडचा उन्हाळा होता.

मी माझे जुने सुती पातळ काढले. पुष्कळ धुतलेले, मऊ झालेले. त्यातून अठ्ठावीस इंचांचा चौकोन कापला, कडा बारीक दुमडून शिवल्या आणि तो तिरपा दुमडला. तिरपी बाजू सुमारे चाळीस इंच भरते, ती डोक्याभोवती घेऊन मागे गाठ मारायला पुरते. कपाळावर दुमड येते, शिवण येत नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण केस गेल्यावर टाळू इतकी हळवी होते की साधी टीपसुद्धा टोचते. इलास्टिक मुळीच घातले नाही. दुमडीच्या आत, कपाळाच्या वरच्या जागी, मऊ कापडाची दोन इंच रुंद जाड घडी टाचली. त्यामुळे पुढे थोडा फुगवटा येतो आणि खाली केस असल्यासारखे दिसते. रात्रीसाठी जुन्या बनियनची टोपी केली, तिच्या शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवल्या. दिसायला उलटी दिसते, पण उशीवर टोचत नाही.

असे सात रुमाल शिवले, पातळाला जुळतील असे. हळदीकुंकवाला ती हिरवा रुमाल बांधून आली. आपल्यातल्या एका काकूंनी तिला आधी कुंकू लावले आणि विचारले, “हे बांधायचं कुठून शिकली वं? मलेही शिवून दे.” त्या काकू येथे बसल्या आहेत, नाव घेत नाही. आता नणंदेचे केस बोटभर वाढले आहेत आणि ती काठाची पट्टी लावते. रुमाल तिने धुऊन घडी करून दवाखान्यात दुसऱ्या एका बाईला दिले.

आता पैशाचे बोलते. तिथे आपल्या मंडळात दोन मते आहेत आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

गेल्या वर्षी एका दुकानदाराने कापडी रबरे मागितली, चार रुपये नग. मी घड्याळ लावून बसले. कापणे, टीप, ओवणे, हातटाके, सर्व धरून माझ्याकडून तासाला सहा होतात. एक मीटर इलास्टिकमध्ये पाच होतात आणि मीटरला पाच रुपये पडतात, म्हणजे नगाला एक रुपया. चोवीस रुपयांतून सहा गेले, अठरा राहिले. दोरा आणि मशीनचे तेल वेगळे. कापड फुकटचे, म्हणून हे अठरा तरी दिसतात. तासाला अठरा रुपयांत मी डोळे घालवणार नाही, असे मी म्हटले. दुकानात तेच रबर वीसला विकले जात होते.

पण आपल्यातलीच एक, जिच्या घरी कमावणारे दुसरे कोणी नाही, ती म्हणाली, “काकू, चार तं चार, पन आज हाती येते ना!” तिने शंभर शिवून दिली. मी तिला काही बोलले नाही आणि कोणी बोलूही नये. ज्याच्या घरी पीठ आहे त्याने भावावर अडून बसावे. माझे म्हणणे एवढेच आहे की तिने एकटीने देऊ नये. एकटी गेली की चारच मिळतात. दहाजणींनी मिळून सात मागितले, तर तो आधी नाही म्हणेल, मग पाच म्हणेल, आणि मग बोलता येईल. आणि नाहीच म्हणाला तर आपण स्वतः विकू. जूनअखेर शाळा उघडतात तेव्हा प्रत्येक घरी रिबिनी आणि रबरे लागतात. मंडळाचे टेबल शाळेच्या रस्त्यावर मांडायला कोणाची हरकत नाही. दहा रुपयांना दिले तरी घेणारीला दुकानापेक्षा अर्ध्यात पडते आणि शिवणारीला दुपटीहून जास्त मिळते.

यासाठी दर गुरुवारी दुपारी तीन वाजता माझ्या घरी बसायचे ठरले आहे. मशीन दोन आहेत, तिसरे अध्यक्षाबाई देणार आहेत. ज्यांना मशीन येत नाही त्यांनी पट्ट्या कापाव्यात, इलास्टिक ओवावे. ज्यांना बारीक दिसते त्यांनी हातटाके घालावेत. येताना घरातल्या सुती चिंध्या धुऊन आणाव्यात, आणि बक्कलपिना ज्याच्या त्याने आणाव्यात, माझ्या घरच्या मागच्या वेळी सगळ्या गेल्या. पहिली पन्नास रबरे विकायची नाहीत. त्याऐवजी रुमाल आणि टोप्या शिवून दवाखान्यात द्यायच्या, की रबरेच विकून त्या पैशांतून कापड घ्यायचे, हे अजून ठरलेले नाही. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.