आरतीपूर्वीची तक्रार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही व्यवसायाने प्राथमिक शिक्षक, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. विद्वत्तापूर्ण व्याख्यान देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीत गेली नऊ वर्षे काम करताना आपले काम कसे चालते व कोठे अडते, हे जे दिसले ते मोकळेपणाने सांगावे, एवढ्याच हेतूने उभे राहिलो आहोत.

थोड्या वेळापूर्वी वार्षिक अहवाल 'वाचला असे समजून' मंजूर झाला. टाळ्या वाजल्या, त्यांत आमचेही हात होते. त्या अहवालात शिष्यवृत्ती मिळालेल्यांची नावे आहेत. जिला ती वेळेवर मिळाली नाही, तिचा उल्लेख नाही. तिची हकीकत सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण त्या दोषात आमचाही वाटा आहे.

गतवर्षी आपल्या ज्ञातीतील एका विधवा भगिनीच्या मुलीस परिचारिकेच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला. तिने मंडळाकडे अर्ज पुष्कळ आधी केला होता व तो मंजूरही झाला. परंतु आमचा धनादेश तिच्या हाती पडला तो फी भरण्याची तारीख उलटल्यावर अकराव्या दिवशी. मुलीचे वर्ष गेले. तिने धनादेश परत पाठविला. सोबत एका ओळीची चिठ्ठी होती, की या वर्षी ही रक्कम दुसऱ्या कोणास तरी उपयोगी पडावी. तक्रारीचा एक शब्दही नव्हता. म्हणूनच ती चिठ्ठी आम्हांस अधिक बोचली.

समितीची तातडीची बैठक भरली. पहिला तासभर 'चूक कोणाची' याच्याच शोधात गेला. दोघा सभासदांनी राजीनाम्याची भाषा केली. तेव्हा आम्हांस आमच्या शाळेतील एक प्रसंग आठवला. चौथीच्या वर्गास आम्ही ६१२ भागिले ६ हे उदाहरण घातले होते. चाळीस मुलांपैकी एकतीस जणांनी उत्तर लिहिले १२. आम्ही छडी उचलली आणि मग खाली ठेवली. एका मुलाची चूक ही त्या मुलाची असेल. एकतीस मुलांनी तीच चूक केली, तर ती शिकविणाराची होय. भाग जात नसेल तेथे शून्य मांडावे, हे आम्हीच नीट शिकविले नव्हते. समितीस आम्ही एवढेच म्हणालो, की माणूस शोधण्याचे सोडून अर्जाची वाट शोधू या.

ती वाट शोधली, तेव्हा अर्ज आमच्या हातांत ४६ दिवस फिरला असे आढळले. गावच्या प्रतिनिधींकडे तो १७ दिवस राहिला; टपालखर्च वाचावा म्हणून दहा अर्ज जमल्यावर एकत्र पाठविण्याची त्यांची रीत. प्रस्तुत वक्त्याच्या पिशवीत तो ३ दिवस होता. घरी लग्नकार्य होते. मासिक बैठकीची वाट पाहण्यात १४ दिवस गेले. धनादेशावर दोन सह्या लागतात. त्यांपैकी एक गृहस्थ मुलाकडे परगावी होते, तेथे १२ दिवस लागले. या वाटेवर कोणी लबाडी केली नव्हती. आम्ही सोडून बाकीच्यांनी तर रूढ नियमच पाळला होता. आणि सर्वांत मोठी उणीव अर्जाच्या छापील नमुन्यातच होती. फी भरण्याची अखेरची तारीख लिहिण्यास त्यात रकानाच नव्हता! तो नमुना वर्षानुवर्षे आम्ही छापून घेत होतो.

बंधुभगिनींनो, कामाची तपासणी ही काही परकी विद्या नव्हे. श्रीज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर आम्ही दोनदा आळंदीहून पंढरपुरास चालत गेलो आहोत. हैबतबाबा आरफळकर यांनी १९व्या शतकात त्या सोहळ्यास शिस्त लावून दिली. दिवसाची चाल संपली, की मुक्कामी समाजआरती होते. सर्व दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदार दंड उंच करतो, आणि हजारोंचे टाळ एकदम थांबतात. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जाऊन तक्रार ऐकून घेतो. हरवले-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते, आणि त्यानंतर आरती होते.

हा क्रम ध्यानी घ्यावा. तक्रार त्याच दिवशी ऐकली जाते, वर्षअखेरीस नाही. ती आरतीपूर्वी ऐकली जाते. आणि तक्रार करणाऱ्या दिंडीस कोणी भांडखोर म्हणत नाही. टाळ वाजविणे हा तिचा अधिकारच आहे. आपल्या मंडळात मात्र आरती आधी होते, आणि तक्रार घरी जाताना रस्त्यावर.

समितीने काही बदल केले. नमुन्यात तारखेचा रकाना आला, व अर्ज त्या तारखेच्या क्रमाने घेतले जातात. अर्ज ज्याच्या हाती येईल त्याने पाठीमागे दिनांक लिहावा, असे ठरले. तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या चालतील, अशी व्यवस्था झाली. बैठकीचा पहिला विषय आता 'मागील महिन्यात काय अडले' हा असतो. हे सर्व सुरळीत चालले आहे असे मात्र नाही. दोन महिन्यांतच दिनांक लिहिण्याचा आळस सुरू झाला, आणि पहिला आळशी आम्हीच निघालो. परंतु पुढच्याच बैठकीत ते उघड झाले, वर्षभर झाकून राहिले नाही, हा लाभ लहान नव्हे.

सभेपुढे आमची एकच विनंती आहे. वसतिगृह, वधूवर सूचक आणि बांधकाम या समित्यांनीही हीच रीत स्वीकारावी. आणि पुढील वर्षीच्या अहवालात 'राहिलेली कामे' या मथळ्याचे एक पान असावे. ते पान वाचले असे समजू नये. मोठ्याने वाचावे, आणि टाळ्या त्यानंतर वाजवाव्यात.

त्या मुलीस यंदा पुन्हा प्रवेश मिळाला. फीची सोय तिच्या मामांनी केली. आपल्याकडे तिने अर्ज केला नाही. न आलेल्या त्या अर्जाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही, म्हणून ती येथे आम्ही करीत आहोत.