काळ्या-पांढऱ्या फोटोत हिरवी झाक का येते?

कृष्णधवल छायाचित्र घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलं, की त्यात कधी हिरवट, कधी जांभळट झाक दिसते. साधा प्रिंटर करडा रंग निळसर, किरमिजी आणि पिवळी शाई मिसळून बनवतो. मिश्रण जरा ढळलं, की झाक आलीच. ट्यूबलाइटखाली एक, उन्हात दुसरी! म्हणून फोटोसाठीच्या चांगल्या प्रिंटरमध्ये काळ्या शाईच्या जोडीला फिक्या करड्या शायाही असतात.

प्रिंट चांगला यावा म्हणून आणखी काही गोष्टी सांभाळा. फोटो फिल्मच्या निगेटिव्हवरून घ्यायचा असेल, तर स्कॅन 16 बिटमध्ये करा. नाहीतर छटा सुधारताना आभाळात पट्टे उमटतात. सुती मॅट कागदावर मॅट ब्लॅक शाईच हवी, चकचकीत कागदासाठीच्या फोटो ब्लॅक शाईने गडद काळा राखाडी पडतो. आणि प्रिंट वर्षानुवर्षं जपायचा असेल, तर डाय नव्हे, पिगमेंट शाई घ्या.