लेकरांचा वाफा



शिवरात्र झाली की आपल्याकडची थंडी गेली म्हणायची. होळीपर्यंत सकाळी अंगणात बसवतं, पाडव्यानंतर मात्र नऊ वाजताच ऊन डोक्यावर येतं. शाळेच्या पुस्तकात वसंत ऋतू म्हणजे चैत्र आणि वैशाख असं लिहिलेलं असतं. पण यवतमाळच्या वैशाखाला वसंत म्हणायला जीभ वळत नाही, तेव्हा पारा चव्वेचाळीसला टेकलेला असतो. आपला वसंत महिना-दीड महिन्याचा. म्हणून आजचं बोलणं आजच करते, पुढच्या महिन्यात त्याचा उपयोग नाही.

विषय निघाला आमच्या गटाच्या बैठकीत. बचतीचा हिशेब झाला, परतफेडीच्या नोंदी झाल्या आणि एक काकू म्हणाल्या, “ताई, पैशाचं तं बरोबर होते, पण या पोट्ट्याईचं काय करू? शाळा सकाळची झाली. बारा वाजेपासून मोबाईल.” सगळ्या हसल्या, पण सगळ्यांच्या घरी तेच. माझ्याही. मुलगी चौथीत, मुलगा सहा वर्षांचा, आणि दोघांत एक मोबाईल म्हणजे भांडणाचं वेगळं सामान आणायलाच नको.

मी सुरुवात पळसापासून केली. सध्या आपल्या धुऱ्याधुऱ्यावर पळस फुललाय, त्याला पैसे लागत नाहीत. ‘पळसाला पानं तीनच’ असं आपण येता-जाता म्हणतो. मुलीला म्हटलं, चल, मोजून पाहू. झाडाखाली गेलो तर झाडावर एकही पान नाही, नुसती फुलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, तीन कुठं आहेत?” मला काय उत्तर द्यावं कळेना. पळस फुलतो तेव्हा पानं गळालेली असतात, हे मी इतकी वर्षं बघून बघितलंच नव्हतं. पालवी फुटल्यावर पुन्हा जाऊ असं ठरलं. गेलो, आणि मग एका देठाला तीन पानं सापडली.

दोघांनी फूल नाकाला लावलं, वास काही आला नाही. मग पक्षी का येतात इतके? फुलाच्या बुडाशी गोड रस असतो आणि लांबूनही तो भडक रंग दिसतो. पाव तास गप्प बसा आणि कोण कोण येतं ते लेकरांना मोजू द्या. मैना, बुलबुल, कोतवाल, पोपट, आणि अंगठ्याएवढा शिंजीर. नावं येत नसली तरी चालेल. आमच्याकडे शिंजीरचं नाव बरेच दिवस ‘काळा छोटू’ होतं.

रंगपंचमीसाठी फुलं तोडू नका, खाली पडलेली वेचा. टोपलीभर फुलं पाण्यात उकळून रात्रभर ठेवली की सकाळी गाळून केशरी-पिवळा रंग मिळतो. खायच्या चुन्याची निवळी त्यात टाकली तर रंग गडद होतो, पण ते पाणी जुना रुमाल रंगवायला वापरा, अंगावर खेळायला नाही. चुना डोळ्यांत गेला तर खेळ महागात पडेल.

मोहाचं मात्र जरा थांबून सांगते. मोहफूल पहाटे टपटपतं, आणि आजीसोबत टोपलं घेऊन वेचायला जाण्याची मजा आपल्यापैकी कित्येकींनी घेतली आहे. पण केळापूर-राळेगावकडच्या बाया लगेच म्हणतात, “ताई, पोट्ट्याईले जंगलात कोन धाडते आता?” त्यांचं चूक नाही. २०१८ साली पांढरकवड्याच्या आसपास वाघिणीची जी दहशत होती ती घराघरात शिरलेली आहे. टिपेश्वरचं अभयारण्य आपल्या जिल्ह्यात आहे, तिथे वाघ आहेत, आणि वाघाला आपलं वेळापत्रक सांगता येत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की लेकरांना जंगलातल्या मोहाखाली नेऊ नका, गावालगतचं किंवा शेतातलं झाड बघा, चांगलं उजाडल्यावर जा आणि एकटं कोणी जाऊ नका. आणि झाडाखालचा पाला जाळू नका. फुलं नीट दिसावीत म्हणून आपण काडी लावतो, पण त्यात खालची सगळी रोपं जळतात आणि वारा असला की आग पुढे पळते. खराट्यानं झाडून जुनं लुगडं अंथरलं तरी फुलं स्वच्छ मिळतात, आणि अंथरायला लेकरं हौसेनं येतात.

आता वाफ्याकडे येते. शाळांतही परसबागा आहेत, पण उन्हाळ्याची सुट्टी लागली की त्यांना पाणी घालणारं कोणी नसतं, आणि विदर्भातल्या शाळा तर बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. तेव्हा उन्हाळ्यातला लेकरांचा वाफा घरीच, न्हाणीच्या मागे नाहीतर सांदवाडीत.

पहिलं काम कुंपण. नाहीतर तुम्ही पेरलं आणि शेजारच्या शेळीनं खाल्लं. सध्या शेतातून पऱ्हाटी उपटून निघते आहे. ती रोवा, आडव्या तुऱ्हाट्या बांधा, झालं. पण रोवण्याआधी लेकरांना पऱ्हाटीवरची न फुटलेली, वाळकी बोंडं तोडायला बसवा. त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात कापसावर येते. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका, ते याचसाठी. आमच्या मुलांनी एकेक बोंड फोडून अळ्या शोधल्या. घरभर किळस आणि आरडाओरड, पण मोबाईलची आठवण कोणाला झाली नाही.

दुसरं पाण्याचं. आपल्या गावांत मार्चपासून हंडे मोजावे लागतात, तिथे झाडांना पाणी कुठून आणायचं? त्यावर जुनं मडकं हा चांगला उपाय आहे. कोपऱ्यात टाकलेलं, पण तडा न गेलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, भोवती शेणखत घातलेली माती आणि मडक्याला लागून चार-पाच बिया. मडक्यात पाणी भरून वर झाकण, म्हणजे डास होत नाहीत. माती कोरडी झाली की पाणी आपसूक झिरपतं. रोज पाणी घालायची गरज पडत नाही. एका लेकराला एक मडकं द्या, दोघांना मिळून एक देऊ नका, हे अनुभवाचं सांगते.

लहान लेकराला धीर नसतो, त्याला चवळी द्या. तीन-चार दिवसांत डोकं वर काढते. भेंडीचं बी रात्रभर भिजवलं तर पाच-सहा दिवसांत येतं आणि दीड-पावणेदोन महिन्यांत तोडायला होतं. लाल माठ महिन्याभरात खाता येतो. सांभाराचे दाणे लाटण्यानं हलक्या हातानं रगडून दोन फाका करायच्या, हे काम लेकरं मन लावून करतात. सांभार उगवायला आठ-दहा दिवस घेतो आणि त्याला ऊन सोसत नाही, म्हणून त्यावर जुन्या साडीची सावली धरा. काकडीचा वेल तुऱ्हाट्यांवर चढवा.

आता जे सांगायचं आहे ते जरा जड आहे. मी गटागटात जाऊन परसबाग शिकवणारी बाई, आणि हे माझ्याच घरी झालं.

गेल्या वर्षी याच दिवसांत मुलानं स्वतःची झारी केली. एका बाटलीच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली आणि बहिणीच्या सांभाराला पाणी घालत होता. झाकण उघडताना ते दातात धरायचा. मी दारातून बघत होते, कौतुक करणार होते. जवळ गेले तर बाटलीवर अर्धा फाटलेला कागद, आणि त्यावर पिवळा त्रिकोण. कुठल्याशा धुऱ्यावर पडलेली कीटकनाशकाची रिकामी बाटली होती ती.

त्याचे कपडे काढले, साबणानं अंग धुतलं, चूळ भरवली आणि ती बाटली पिशवीत घालून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आधी विचारलं ते हेच, बाटली आणली का? कारण कोणतं औषध पोटात गेलं हे कळल्याशिवाय इलाज नेमका करता येत नाही. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. त्याला काही झालं नाही. मी मात्र ते दोन-तीन तास कसे काढले ते माझं मला माहीत. घरी येऊन तो सांभार मुळासकट उपटला, वरची माती काढली. मुलगी रडली. आठव्या दिवशी उगवला होता, आणि चूक तिची नव्हती.

२०१७ चा पावसाळा आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यानंतर मास्क आला, हातमोजे आले, वाऱ्याच्या दिशेनं फवारा हे सांगणं आलं. पण रिकाम्या बाटलीचं कोणी मनावर घेतलं नाही. आपल्या घरांत त्या बाटलीत रॉकेल असतं, ती परसाकडे जाताना नेतात, काही ठिकाणी धुऊन पाण्यालाही वापरतात. बाटली कितीही विसळली तरी वापरायची नाही. फवारणीच्या वेळीच ती तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतायचं, मग बाटलीला भोकं पाडून ती निकामी करायची आणि विहीर-नाल्यापासून, घरापासून दूर खोल पुरायची.

लेकरांना ते चिन्ह शिकवा. लेबलवर कोनावर उभा केलेला चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नाही, फक्त कमी विषारी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो. आमच्या दोघांनी खडूनं हे चार चौकोन न्हाणीच्या भिंतीवर काढलेत, पावसाळ्यात धुतले गेले तर पुन्हा काढू.

वाफ्यावर कीड आलीच तर लेकरांनाच अळ्या वेचू द्या. माव्यावर सकाळी दवात चुलीची राख भुरभुरा, नाहीतर साध्या पाण्याचा जोरदार फवारा मारा. चार पानं अळीनं खाल्ली तर खाऊ द्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत आहेत, २०२० साली पद्मश्री जाहीर झालेल्या. शाळेत न गेलेल्या या बाईनं गावरान बियाण्यांची बँक उभी केली. नातू आजारी पडल्यावर फवारलेल्या भाजीबद्दल त्यांच्या मनात शंका आली, असं त्या सांगतात. आपल्याला बँक उभारायची नाही, पण भेंडीचं एक बोंड झाडावर वाळू द्या आणि पुढच्या वर्षीचं बी लेकराच्या हातानं काढून घ्या.

आमच्या गटानं ठरवलं की बैठकीला येण्याआधी प्रत्येकीनं आपला माळा, गोठा आणि न्हाणी बघायची. कुठे कुठे बाटल्या निघाल्या ते सांगत नाही, काही ठिकाणं ऐकून आम्हालाच लाज वाटली. एकीच्या घरी तर तुपाच्या डब्याशेजारी.

यंदा मुलाला मी तेलाच्या रिकाम्या बाटलीची झारी करून दिली. त्यानं आधी ती फिरवून फिरवून चौकोन शोधला. मुलीनं पुन्हा सांभारच लावला आहे, दुसरं काही नको म्हणाली. मुलाच्या मडक्याभोवती पाच चवळ्या होत्या, काल तीन वर आल्या. उरलेल्या दोन त्यानं उकरून बघितल्या, त्यामुळे आता त्या येणार नाहीत.

बी कमी पडत असेल तर आपल्या गावच्या गटात विचारा, कोणाकडे ना कोणाकडे गाठोडं असतं. मडकं मात्र आजच पुरा, ऊन चढायच्या आत.