कॉमर्स घेतलंस, आता पुढे काय?
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, तुम्ही बँकेतून रिटायर झालात, मुलांना अकाउंट्स, बँकिंग, फायनान्स यांतल्या करिअरबद्दल दहा मिनिटं बोला." दहा मिनिटांत काय सांगणार? मग ठरवलं, आपण जिथे पडलो तिथून सुरुवात करायची.

मी 1982 साली बी.कॉम. झालो. लालबागला दोन खोल्यांत आम्ही सहाजण. वडील मिलमध्ये टाइमकीपर. त्याच वर्षी जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि तो कधी संपला हे आमच्या घराला कळलंच नाही, कारण वडिलांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. आईने चार जणांचे डबे सुरू केले. अशा घरातला थोरला मुलगा सी.ए. करणार म्हटल्यावर चाळीत केवढा आनंद! फोर्टमधल्या एका ऑफिसात आर्टिकलशिप लागली. स्टायपेंड लोकलच्या पासात आणि वडापावात संपायचा. इंटर पास झालो. फायनलचा पहिला ग्रुप निघाला. दुसरा ग्रुप मात्र राहिला. एकदा नाही, चार वेळा.

सी.ए.चा नियम मुलांना माहीत असेल, पालकांसाठी सांगतो. प्रत्येक पेपरात 40 गुण हवेत आणि ग्रुपची सरासरी 50 टक्के हवी. म्हणजे सगळ्या पेपरांत पास होऊनही माणूस नापास होऊ शकतो. चौथ्या वेळी मी तसाच नापास झालो, सात गुणांनी. घरी सांगितलं, "निकाल राखून ठेवलाय." रोज सकाळी आईचा डबा घेऊन निघायचो, फोर्टात बसायचो, संध्याकाळी परत. असे पाच आठवडे काढले. एका सकाळी डबा उचलला तर खाली बँकेच्या क्लार्क भरतीचा फॉर्म. वडिलांच्या अक्षरात माझं नाव-पत्ता भरलेला, फीची पोस्टल ऑर्डरही टाचलेली. फक्त सही बाकी होती. वडील तेव्हाही काही बोलले नाहीत आणि पुढे वारले तोपर्यंत कधीच बोलले नाहीत.

1988 साली क्लार्क म्हणून लागलो, 2022 साली मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. बँकेने मला घर दिलं, मुलींची शिक्षणं दिली. पण ते पाच आठवडे मी अजून विसरलेलो नाही.

हे आज सांगायचं कारण आपल्याच बिल्डिंगमध्ये आहे. मागच्या वर्षी आपल्यातला एक मुलगा लिफ्टमध्ये भेटला. निकाल लागून आठवडा झाला होता. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "काका, घरी सांगितलेलं नाही." त्याच्या परवानगीने बोलतोय, नाव सांगणार नाही. आपल्याला वाटतं लिफ्टमध्ये "काय रे, सुटलास का?" विचारणं म्हणजे आपुलकी. त्या पोराने दोन महिने जिना वापरला. पाचव्या मजल्यावर राहतो तो.

म्हणून सी.ए. करणाऱ्यांना माझं एकच सांगणं. फॉर्म भरतानाच एका कागदावर लिहा: किती अटेम्प्ट देणार, आणि तेवढ्यात नाही झालं तर काय करणार. त्यावर आई-वडिलांचीही सही घ्या. नापास झाल्यावर हा हिशोब करायला बसलात की तो हिशोब राहत नाही, रडणं होतं. आता परीक्षा वर्षातून तीनदा होतात, आर्टिकलशिप तीनाची दोन वर्षांवर आली आहे. बी.कॉम.ला 55 टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरला बसता येतं. वाट पूर्वीपेक्षा थोडी जवळची झाली आहे, सोपी नाही. आणि आर्टिकलशिपमध्ये शिकलेलं काम नापास होत नाही. इंटर झालेला, ऑडिटला हात लावलेला मुलगा ऑफिसांना हवाच असतो. लिफ्टमधला तो मुलगा आज अशाच एका ऑफिसात जातो, पगार घेतो, आणि उरलेले दोन अटेम्प्ट कागदावर लिहिल्याप्रमाणे देणार आहे.

आता बँका. याबद्दल पटकन सांगतो, कारण जाहिरातीत सगळं छापलेलं असतं आणि ती जाहिरात तुम्ही स्वतः वाचायची असते, क्लासवाल्याच्या तोंडून ऐकायची नसते. सरकारी बँकांसाठी आयबीपीएसची परीक्षा, स्टेट बँकेची वेगळी. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. आयबीपीएसच्या पी.ओ.साठी वय 20 ते 30, क्लार्कसाठी 20 ते 28, राखीव वर्गांना सवलत. क्लार्कला मुलाखत नाही, पण राज्याची भाषा यावी लागते. इंग्लिश मीडियमच्या पोरांनो, घरात मराठी वाचा, इथे थेट नोकरीशी संबंध आहे! रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी ऑफिसरसाठी पदवीला 60 टक्के लागतात, तेव्हा "बी.कॉम. काय, नुसतं पास झालं की झालं" म्हणणाऱ्यांनी जपून. चुकलेल्या उत्तराला पाव गुण जातो, अंदाजाने ठोकू नका. नोकरी लागल्यावर जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा लगेच द्या, पास झालं की जादा इन्क्रिमेंट मिळतं. लग्न झाल्यावर अभ्यास होत नाही, हा माझा अनुभव.

आणि एक सावधगिरी. "बँकेत लागलो" म्हणून पेढे वाटण्याआधी नेमणूकपत्र नीट बघा. वर नाव बँकेचं आहे की माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचं? बऱ्याच मुलांना क्रेडिट कार्डं आणि पॉलिसी विकण्याचं टार्गेट हातात मिळतं, गळ्यात आयकार्ड बँकेसारखं. विक्रीचं काम वाईट नाही, पण ते काय आहे हे माहीत असून घ्या. आणि नोकरीसाठी कुणी डिपॉझिट मागितलं तर तिथून निघून या.

तरुण मंडळी मला नेहमी विचारतात, "काका, हे सगळं कॉम्प्युटर करणार, मग आम्ही काय करणार?" आम्ही लागलो तेव्हाही हेच ऐकत होतो. त्या काळी लेजर हाताने टॅली करायचो. रात्री आठ वाजले तरी 45 रुपयांचा फरक निघत नाही म्हणून अख्खी शाखा बसलेली. एक जुने हेडक्लार्क यायचे, फरकाला नऊने भागून बघायचे. पूर्ण भाग गेला तर म्हणायचे, कुठेतरी आकडे उलटे पडलेत, 172 चे 127 लिहिलेत, शोधा. बहुतेक वेळा सापडायचं. ते काम आता यंत्र क्षणात करतं, करू दे. पण रक्कम कुठल्या खात्यात जायला हवी, हे कुणीतरी कळून सांगावं लागतं. त्याचं उदाहरण आपल्याच सोसायटीत घडलं आहे.

2009 साली मी खजिनदार होतो. बँकेतला माणूस, त्यामुळे थोडी ऐट होती. बिल्डिंगचं रंगकाम आम्ही सिंकिंग फंडातून केलं. बेरजा सगळ्या बरोबर, ताळेबंद जुळलेला. ऑडिटला एक बाई आल्या, पस्तिशीच्या असतील. त्यांनी दोन तास कागद बघितले आणि शांतपणे विचारलं, "रंग दुरुस्ती निधीतून का नाही केलात?" मी बेरीज दाखवायला लागलो. त्या म्हणाल्या, "काका, बेरीज चुकली असं मी म्हटलेलंच नाही." सिंकिंग फंड म्हणजे उद्या बिल्डिंग पुन्हा उभी करायची किंवा तिची मोठी दुरुस्ती काढायची वेळ आली, तर त्यासाठी बाजूला ठेवलेला पैसा. बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरसाल, आणि तोही सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय काढायचा नाही. मी तो भिंतींना फासला होता. दोषदुरुस्ती अहवाल मीच लिहिला आणि पुढची तीन वर्षं तो फंड पुन्हा भरला. आज रीडेव्हलपमेंटची चर्चा चालली आहे तेव्हा शिल्लक किती आहे ते अहवालात बघा, त्या बाईंचे आभार माना.

चहा घेताना विचारलं, तुम्ही सी.ए. का? म्हणाल्या, "नाही, मी बी.ए., इतिहास घेऊन." त्यांनी जीडीसी अँड ए केलं होतं. सहकार खात्याची ही पदविका कोणत्याही पदवीधराला देता येते. सहा पेपर असतात, नोकरी करता करता अभ्यास होतो. त्यापुढे सहकारी संस्थांच्या ऑडिटचा तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं ज्ञान असलं की प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून सहकार खात्याच्या पॅनेलवर येता येतं. आपल्या डोंबिवलीत गल्लोगल्ली सोसायट्या आहेत आणि कायद्याने प्रत्येकीचं ऑडिट दरवर्षी व्हावंच लागतं. मुलं लहान म्हणून ज्यांना फोर्टपर्यंत रोज लटकत जाता येत नाही, त्या सुनांनी आणि मुलींनी याचा जरूर विचार करावा. मी हे आधी कुणाला का सांगितलं नाही, याचा मलाच राग येतो.

कॉस्ट अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी, शेअर बाजारातल्या कामासाठी एनआयएसएमची सर्टिफिकेटं, यावर बोलायला आपल्या बी विंगमध्ये माझ्यापेक्षा जाणती माणसं बसली आहेत. त्यांना धरा.

माझ्याकडून एवढं. रविवारी सकाळी दहा वाजता मी सोसायटीच्या ऑफिसात असतो. या वर्षाची व्हाउचरं, बँकेचं पासबुक आणि कॅशबुक कपाटात आहे. खजिनदारांची परवानगी घेतली आहे. पासबुक आणि कॅशबुक यांच्यात तफावत का येते, हे ज्याला पुस्तकातून कळलं नाही त्याने यावं, आपण एप्रिलपासून एकेक महिना घेऊ. पालकांनी येऊ नये. चहा माझ्याकडून, सोसायटीच्या खर्चाने नाही, नाहीतर त्याचंही व्हाउचर करत बसावं लागेल.