परदेशस्थाशी विवाह व कागदपत्रे



पूर्वी सोयरीक जुळली म्हणजे वडील मंडळी शेजारच्या गावी जाऊन चौकशी करीत. आता आपली मुले परदेशी जातात व कधी तेथीलच जोडीदार निवडतात. मग पालक मला विचारतात, “फादर, एवढे कागद कशाला?”

ज्याच्या गावी आपली ओळख नाही, त्याच्याविषयी कागदच साक्ष देतो. स्नानसंस्काराचा दाखला सहा महिन्यांच्या आतील मागतात, तो उगीच नव्हे. विवाहाची नोंद स्नानसंस्काराच्या वहीतच होत असते. जुन्या दाखल्यावर ती कोठून दिसणार? एकदा मी असा जुना दाखला स्वीकारणारच होतो. नवा मागविला, तो वराच्या पूर्वविवाहाची नोंद निघाली. ती कन्या त्या दिवशी मजवर रुष्ट झाली. परंतु फसवणुकीतून वाचली.

शिवाय वर अविवाहित असल्याचा त्याच्या वकिलातीचा दाखला घ्यावा. तो अन्य ख्रिस्ती पंथाचा असल्यास बिशपस्वामींची परवानगी, व स्नानसंस्कार न झालेला असल्यास सूट आवश्यक आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करणे झाल्यास, दोहोंपैकी एकाचे जिल्ह्यात ३० दिवसांचे वास्तव्य लागते व नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावे लागते.

ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांनो, आपल्या मुलांचे नाव शाळेत व चर्चच्या वहीत एकच आहे काय, हे आजच पाहा. विवाह प्रीतीने होतो खरा. परंतु सत्यावाचून प्रीती टिकत नाही.