आमचा किनारा आणि माझे फोटो
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही समुद्राचे फोटो काढता ना, मग त्यावरच बोला." म्हणून उभी राहिले.

खरे म्हणजे श्रीवर्धनच्या बाईला समुद्राचे कौतुक ते काय असायचे? रात्रंदिवस गाज कानांवर असतेच. पण २०१७ साली धाकट्या भावोजींनी त्यांचा जुना मोबाईल मला दिला आणि मला नाद लागला. संध्याकाळी भाजी निवडून झाली की मी निघालेच. सूर्य पाण्याला टेकला की फोटो काढायचा आणि मुंबईला वन्संना पाठवायचा. त्या म्हणत, "अगदी चित्रासारखा आलाय हो वहिनी!" मला मूठभर मांस चढे. अशी तीनशेच्या वर चित्रे जमली.

मग ३ जून २०२० चा तो बुधवार आला. निसर्ग वादळाचे वर्णन तुमच्यापुढे काय करू? तुमचीही कौले गेली, वाड्या झोपल्या. किनाऱ्यावरचे सुरू आडवे झाले. आमच्या वाडीत पोफळी एकीवर एक पडल्या होत्या. कोणती कुठली ते कळेना. वीज नाही, त्यामुळे मोबाईलही दोन दिवसांत बंद पडला.

पुढे पंचनाम्याला माणसे आली. झाडे किती होती, एखादा फोटो आहे का, असे त्यांनी विचारले. ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पुढे केव्हातरी मोबाईल चालू करून सगळी चित्रे धुंडाळली. सूर्य, सूर्य आणि सूर्य! वाडी नेहमी माझ्या पाठीमागे राहिलेली. ज्या रोठा सुपारीवर आमचे घर चालले, तिचे एक चित्र मी काढले नव्हते. मला फार लाज वाटली.

शेवटी एक सापडले. हात हलून वाकडे आलेले, बिघडले म्हणून पुसणारच होते. त्यात गडग्याकडची एक रांग आली होती आणि मामंजी सुपारीची टोपली घेऊन उभे होते. मी ते त्यांना दाखवले. चष्मा लावून त्यांनी बोटाने एकेक झाड मोजले आणि म्हणाले, "ही वाकडी आमच्या वडिलांनी लावलेली." पंचनाम्याला त्या चित्राचा काही उपयोग झाला नाही. पण मामंजींनी ते कागदावर काढून आणायला लावले. पुढच्या वर्षी ते गेले. वाडीत उभे असलेले त्यांचे तेवढेच एक चित्र आमच्या घरात आहे.

तेव्हापासून मी रीत बदलली. दर अमावास्येला गडग्याच्या त्याच जांभ्या दगडावर उभी राहते. एक चित्र समुद्राचे, एक जीवना बंदराच्या बाजूचे, आणि मग पाठ फिरवून वाडीचे. अमावास्याच का? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आपल्या वडीलधाऱ्यांचे गणित तुम्हांला ठाऊक आहेच. नवमीला पावणेसात, अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. म्हणजे संध्याकाळी साडेपाचला पाणी पुरते ओसरलेले असते. एकाच तिथीला चित्र काढले तर वाळू किती सरली, किती आली, ते ताडून पाहता येते. निरनिराळ्या वेळची चित्रे शेजारी ठेवून काय कळणार? पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि पुळण अरुंद होते. दिवाळीनंतर ती हळूहळू परत येते. इतकी वर्षे इथे राहून हे मला चित्रांतच नीट दिसले!

खारट वाऱ्याने मोबाईलची काच धुरकट होते, ती जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने पुसावी. पदराने नको, पदराला वाळू असते. आणि माणसांचे चित्र सकाळी काढावे. संध्याकाळी सूर्य समोर येतो आणि तोंडे काळी पडतात.

नवी रोपे आम्ही २०२१ मध्ये लावली. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. पहिल्या चित्रांत रोपे शोधावी लागतात, आता माझ्या डोक्यावर गेली आहेत.

एक मागणे आहे. तुमच्या घरी लग्नामुंजीचे जुने फोटो असतील. त्यांत मागे कुठे वाडी, सुरू, विहीर, होडी दिसत असेल, तर पुढच्या सभेला घेऊन या. नवरानवरी कोण ते आपण ओळखूच, पण मागची झाडे कोणाची तेही चित्रामागे लिहून ठेवू. लिहायला पेन्सिल घ्यावी, शाई फुटते.