शालेय स्मृतिउद्यानाचा जीर्णोद्धार

(उत्सवप्रसंगी दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



जीर्णोद्धार हा शब्द आपल्या समाजाच्या नित्य परिचयाचा आहे. देवालयाचा कळस, तळी, अग्रशाळा यांच्या जीर्णोद्धाराचे वृत्तांत अशा स्मरणिकांतून आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. आजचे विवेचन दूरदेशीच्या एका लहानशा जीर्णोद्धाराविषयी आहे, आणि तो करणारे हात बहुधा सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे असतात.

अमेरिकेतील पुष्कळ शाळांच्या आवारात एखाद्या दिवंगत विद्यार्थ्याच्या, शिक्षकाच्या किंवा युद्धात कामी आलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या नावे बाग राखलेली असते. चार झाडे, एक बाक, नाव कोरलेला दगड, एवढाच तिचा विस्तार. ज्यांनी ती लावली ती माणसे कालांतराने पांगतात. दगड मातीत खचतो, बाकाची फळी कुजते, आणि ते नाव कोणाचे हे शाळेतील मुलांना सांगता येत नाही.

अशा बागा पुन्हा उभ्या राहतात, त्यामागे पुष्कळदा बालवीर चळवळीची एक अट असते. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरविले. १९१० मध्ये ही चळवळ अमेरिकेत संघटित झाली. ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’ या संस्थेने २०२५ पासून ‘स्काउटिंग अमेरिका’ हे नाव धारण केले आहे. तेथील सर्वोच्च श्रेणी ‘ईगल स्काउट’ ही होय. १९१२ साली आर्थर एल्ड्रेड हा मुलगा तिचा पहिला मानकरी ठरला. २०१९ पासून मुलींनाही ही वाट खुली झाली. वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी एकवीस कौशल्यपदके मिळवावी लागतातच. परंतु १९६५ पासून त्यांच्या जोडीला एक सेवाकार्यही आवश्यक ठरले. ते एखाद्या धर्मसंस्थेच्या, शाळेच्या किंवा समाजाच्या उपयोगी पडले पाहिजे. स्वतःच्या संघटनेच्या लाभासाठी केलेले काम त्यात धरले जात नाही.

या अटीतील मर्म ‘नेतृत्व’ या शब्दात आहे. मुलाने एकट्याने शंभर दिवस घाम गाळून बाग फुलविली, तरी अट पूर्ण होत नाही. किमान आणखी दोघांना तरी त्याने कामास लावून मार्ग दाखविला पाहिजे. किती तास काम झाले याचे किमान बंधन मात्र नाही. शिवाय पहिली कुदळ पडण्यापूर्वी योजना कागदावर मांडून शाळेची, आपल्या पथकाची आणि वरिष्ठ मंडळाची मंजुरी घ्यावी लागते. नुसता निधी गोळा करणे हे सेवाकार्य मानले जात नाही, आणि कामासाठी जमविलेल्या निधीतील शिल्लक रक्कम लाभार्थी संस्थेकडेच जाते. याला कारकुनी म्हणून हसणाऱ्यांनी एखाद्या उत्सवाचा हिशेब वर्षभर अडलेला पाहिलेला नसावा.

कागद पुरे झाले की खरी परीक्षा सुरू होते. बालवीरांच्या दृष्टीने कोपऱ्यातील वाळलेले गुलाबाचे झुडूप कचरा असते. ज्या घरातून ते आले त्या घराला तसे वाटत नाही. म्हणून जाणता मुलगा प्रथम नावाचा शोध घेतो, त्या कुटुंबाच्या दारी जातो आणि काय ठेवावे, काय काढावे हे विचारतो. आईवडिलांसमोर बसून असा प्रश्न विचारणे सतराव्या वर्षी सोपे नाही, पन्नाशीतही नसते. त्यापुढची कामे मानाने सुलभ. संगमरवरी फलकास आम्ल लावू नये, तारेचा ब्रश फिरवू नये. स्वच्छ पाणी आणि मऊ कुंचला पुरे. झाडाभोवती लाकडाच्या ढलप्यांचे आच्छादन दोन ते चार इंच जाडीचे असावे, पण बुंध्याला टेकू नये, नाहीतर साल कुजते. हौशी हात नेमके तेथेच ढीग रचतात, आणि म्हाताऱ्या झाडाचे मरण काही वर्षांनी ओढवते.

इतके असूनही या व्यवस्थेत एक उणीव आहे. गवत काढणे, पाणी घालणे यांसारखी नित्याची कामे ईगलच्या सेवाकार्यात सहसा धरली जात नाहीत. बाग ओस पडते ती मात्र नेमकी या नित्यकामांच्या अभावी. मान जीर्णोद्धाराला आहे, राखणीला नाही. आपल्याकडे तरी निराळे काय घडते? पालखीच्या दिवशी राजांगणात खांद्यांची उणीव नसते. पूजेच्या फुलझाडांना वैशाखात पाणी कोण घालतो, हे विचारल्यास उत्तर बहुधा एकाच माणसाकडे बोट दाखविते.

तेथील शाळा उन्हाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, बंद असतात. नव्या रोपांना पहिली दोन-तीन वर्षे पाण्याची सर्वाधिक गरज असते, आणि ऐन उन्हात आवार निर्मनुष्य होते. मे महिन्यात टाळ्यांच्या गजरात शाळेच्या हवाली झालेली बाग सप्टेंबरात करपलेली दिसावी, याचे कारण एवढेच. ज्याला हे आधी सुचते, तो समारोपाच्या दिवशी मुख्याध्यापकांच्या हाती आणखी एक कागद देतो. सुट्टीच्या कोणत्या आठवड्यात कोणत्या घराने पाणी घालावयाचे, नळाची चावी कोणाजवळ राहील, आणि त्या घरची मंडळी परगावी गेल्यास ती कोणाच्या हाती सोपवावयाची, हे त्यात लिहिलेले असते.